ह्या बाजूला कोण बसणार?

मळ्यातल्या घराच्या परसात दगडी शेकोटी बांधायचं काम चाललं होतं. मागची भिंत कमरेच्या वर आली होती, बाजूच्या भिंती अजून गुडघ्याएवढ्याच होत्या आणि मिस्त्री ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघत होते. शेजारच्या मळ्यातले तात्या रात्रीचं पाणी भरून घरी निघाले होते, ते बांधावरून खाली उतरले. खांद्यावर फावडं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. त्यांनी बांधकामाला एक फेरी मारली, मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, भिंतीवर हात टेकला आणि तिथूनच विचारलं, "आन् ह्या बाजूला कोन बसनार?"

"तात्या, ती पाठ आहे," माझा भाऊ म्हणाला. "बसायचं इकडून, पुढून."

"आसं," म्हणाले आणि निघून गेले.

प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. तात्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या लेखी शेकोटीला पाठ नसतेच. जाळ मध्ये आणि माणसं भोवताली. कुणी आलं की दोघं जण जरा सरकतात, आणखी कुणी आलं की आणखी सरकतात. आमच्या निफाडची थंडी ही बातमी असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात येतो आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक काळजीने फोन करतात. माझ्या लहानपणी आम्हाला आकडा माहीत नसायचा. पहाटे हौदाच्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटायची नाहीत, एवढं कळायचं. संध्याकाळी धारा काढून झाल्या की आजोबा अंगणाच्या कडेला पाचट ओढायचे, त्यावर तुराट्या रचायचे आणि मधोमध बाभळीचं एखादं बुंध्याचं लाकूड ठेवायचे. पाचट भसकन पेटून बसायचं, तुराट्या तडतडायच्या, आणि मग ते बाभळीचं लाकूड धरलं की सगळे निवांत व्हायचे. कुणीतरी हरभऱ्याचे डहाळे आणलेले असायचे. त्यांचा हुळा भाजून बोटं आणि ओठ काळे व्हायचे. धूर एकाच्या मागे लागायचा, तो उठून पलीकडे जायचा, तर धूर फिरून पुन्हा त्याच्याच तोंडावर. उघड्या जाळाची ऊब समोरासमोरच लागते. तोंड भाजतं आणि पाठ गारठलेली राहते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने सगळेच पाठ शेकायला वळायचे. मी आजोबांच्या घोंगडीत असायचे. घोंगडीचा ओलसर लोकरी वास, तंबाखूचा वास आणि हुळ्याचा करपट वास, हे तिन्ही मला अजून वेगवेगळे आठवतात.

दगडी शेकोटीची कल्पना भावाची. त्याने मोबाइलवर परदेशातल्या परसांचे व्हिडिओ पाहिले होते: मागे भिंत, वर धुराडं, पुढे खुर्च्या. मला ती कल्पना आवडली होती हे आधीच सांगते. मला दगडाचं काम बघायला लहानपणापासून आवडतं. छन्नीचा आवाज दगडागणिक बदलतो. निबर काळ्या दगडावर तो खणखणीत येतो, आतून चीर गेलेल्या दगडावर बसका. आमचे मिस्त्री दगड उचलायच्या आधी त्यावर हातोडी वाजवून ऐकतात. एक घनफूट काळा दगड म्हणजे साधारण ८० किलो. तो भिंतीत कुठे आणि कोणत्या अंगावर बसणार हे ठरवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. दोन मोठ्या दगडांमधल्या फटीत ते चिपा ठोकतात, आणि दर दोन-तीन थरांनी एक लांब दगड भिंतीच्या जाडीतून आरपार घालतात, म्हणजे भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात.

आजोबांनी कधीकाळी कादवा नदीच्या पात्रातून आणलेले गुळगुळीत गोटे पायरीशी पडून होते. भावाला ते शेकोटीच्या आत, दर्शनी जागी लावायचे होते. मिस्त्रींनी साफ नकार दिला. "नदीचा गोटा जाळापाशी नको. फुटतो." कारण अगदी साधं आहे. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या दगडाच्या बारीक चिरांमध्ये पाणी मुरलेलं असतं. जाळ लागला की त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. ती मिळाली नाही की दगड तडकतो आणि कपच्या उडतात. शेकोटीपुढे पोरं बसणार, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मग खाणीतून आलेल्या ढिगातलाही एक दगड त्यांनी बाजूला काढला आणि फोडून दाखवला. आतून तो भोकाभोकांचा होता आणि भोकांमध्ये पांढरे, मोत्यासारखी चमक असलेले स्फटिक. "हा मांजऱ्या. कुंपणाला चालंल, जाळात न्हाई." मी तो अर्धा तुकडा धुऊन खिडकीत ठेवला आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असले स्फटिक काचेच्या कपाटांमध्ये, दिव्यांच्या उजेडात मांडलेले आहेत आणि लोक लांबून बघायला येतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांमधून खनिजांचं पाणी झिरपत राहिलं आणि हे झिओलाइट तयार झाले. त्यांच्या रचनेतच पाणी असतं. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा खडा तापवला, तर तो उकळल्यासारखा फेसाळला. मिस्त्रींना क्रोनस्टेट माहीत असण्याचं कारण नाही. कोणत्या दगडात पाणी आहे, हे त्यांना फोडल्याबरोबर कळलं.

आतल्या बाजूला फायर ब्रिकचं, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटांचं, अस्तर घातलं. तिथे सिमेंटचा सांधा टिकत नाही. सिमेंटमधला चुना पाणी धरून बसलेला असतो. साधारण ४०० ते ५०० अंशांना तो ते सोडून देतो आणि सांध्याची पकड जाते. लाकडाचा जाळ त्याच्या पुढे सहज जातो. म्हणून आत फायर क्लेचा बारीक सांधा, आणि अस्तर व दगड यांच्यामध्ये बोटभर फट, तापलेल्या विटेला फुगायला जागा असावी म्हणून. बाजूच्या भिंती मिस्त्रींनी काटकोनात न घेता बाहेरच्या बाजूला फाकवल्या. भावाने मला वाचून दाखवलं, की १७९० च्या दशकात काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने लंडनच्या शेकोट्यांमध्ये हेच केलं होतं: शेकोटी उथळ, पाठ अरुंद, बाजू फाकवलेल्या आणि धुराचा गळा आवळलेला, म्हणजे ऊब परतून माणसांकडे येते आणि धूर वर ओढला जातो. धुराड्याच्या पोकळीचा हिशेबही ठरलेला असतो. शेकोटीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा तरी हवा, धुराडं बुटकं असेल तर थोडा जास्त. आमचं तोंड ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच, म्हणून पोकळी एक फूट चौरस ठेवली.

हे सगळं मन लावून चाललेलं असताना मी मात्र रोज एकदा त्या भिंतीच्या मागे जाऊन उभी राहत होते. तिथून नुसते दगड दिसायचे. पलीकडे भाऊ आणि मिस्त्री बोलत असायचे, त्यांचे आवाज यायचे पण तोंडं दिसत नव्हती. मी भावाला म्हटलं, दोन्हीकडून उघडी ठेवता येईल का? मिस्त्री म्हणाले, येईल, पण वारा आरपार जाईल आणि धूर कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर येईल. ते बरोबरच होतं. धूर वर न्यायचा तर जाळाला पाठ द्यावी लागते, आणि पाठ दिली की तात्यांना बसायला जागा उरत नाही. कितीतरी रात्री मी हेच घोळवत पडले होते. आपण ऊब विकत घेतोय आणि रिंगण मोडतोय, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं. आईला सांगितलं तर ती भावाला चार शब्द सुनावेल, अशीही माझी खात्री होती.

धुराड्याचं काम सुरू झालं त्या दिवशी आई बाहेर आली. तोवर ती फारशी फिरकली नव्हती. तिने पदर खोचला, मान वर करून बघितलं आणि मिस्त्रींना विचारलं, "हे साफ कसं करायचं?"

मिस्त्री थांबले.

"काजळी धरणार ना. वर कोण चढणार? खालून हात जाईल अशी खिडकी ठेवा, तिला लोखंडी झाकण करा. आणि पत्र्याच्या वर गेलं पाहिजे हे. कमी ठेवलंत तर वारा पत्र्यावरून उतरतो आणि धूर खाली दाबतो." मग हात वर करून तिने वारा बघितला. "डिसेंबरात वारा तिकडून, वरच्या अंगाने येतो. तोंड त्याच्यासमोर नको आणि अगदी उलटंही नको. आडवा गेला पाहिजे."

तोंड पूर्वेला घेतलं ते आईच्या सांगण्यावरून. धुराबद्दल आमच्या घरात तिच्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि तिला ते कसं कळलं हे मला माहीत होतं. मी शाळेत असताना आमच्याकडे निर्धूर चूल बसवली होती. देशभर १९८३ पासून सुधारित चुलींचा कार्यक्रम चालू झाला होता, त्यातली ती. मातीची चूल आणि भिंतीतून वर गेलेला सिमेंटचा पाइप. काजळी साचून पाइप अरुंद झाला की धूर पुन्हा खोलीत येई. मग आई पोत्याचा बोळा करून त्याला दोरी आणि दगड बांधायची आणि पत्र्यावर चढून पाइपातून खाली सोडायची. ती उतरायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि नाकाखाली दोन काळ्या रेघा. त्या आधी तर पाइपही नव्हता. सकाळ-संध्याकाळ फुंकणीने फुंकायचं आणि डोळे पुसत भाकऱ्या करायच्या.

त्या संध्याकाळी मी तिला तात्यांचा प्रश्न सांगितला. रिंगणाचं माझं दुःखही सांगितलं. म्हटलं, आई, आपली जुनी शेकोटीच बरी होती गं. सगळे गोल बसायचे.

"कोण सगळे?" ती म्हणाली.

मी नावं घ्यायला लागले. आजोबा. मोठे काका, धाकटे काका. तात्या. सालगडी. शेजारची पोरं. मी.

"मी कधी बसले शेकोटीला?"

मला उत्तर देता येईना. तिने ते सहज विचारलं होतं, हातातलं वाटाणे सोलायचं काम न थांबवता. "मला कुठं थंडी वाजायची," ती म्हणाली, "मी चुलीपाशीच असायचे की."

नंतर बराच वेळ मी ते रिंगण आठवत राहिले, आणि या वेळी त्याच्या बाहेरचं. शेकोटीच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार असायचं. त्या दारातून पिवळा उजेड आणि निळसर धूर असे दोन्ही बाहेर यायचे. आत आई, काकू आणि आजी. भाकरी थापल्याचा आवाज शेकोटीपर्यंत ऐकू यायचा. मध्येच कुणीतरी हाक मारून चहा मागायचं आणि एक हात दारातून कपांची थाळी पुढे करायचा. मी जरा मोठी झाले तेव्हा एका हिवाळ्यात आजीने मला घोंगडीतून उठवलं, म्हणाली, चल आत, भाकरी शीक. मी रुसले होते. एका जाळापासून उठून दुसऱ्या जाळापाशी गेले, असं तेव्हा काही वाटलं नाही, नुसतं वाटलं की बाहेर गप्पा चालल्यात आणि आपण आत आहोत. बाहेरचा धूर हौसेचा होता. नको झाला की उठून पलीकडे जाता यायचं. आतल्या धुराला पलीकडची बाजू नव्हती.

मला शेकोटीचं ते रिंगण अजूनही प्रिय आहे, हे लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आजोबांच्या घोंगडीसारखी जागा मला पुढे कुठे मिळाली नाही. पण त्या रात्रीनंतर मी भिंतीच्या मागे जाऊन उभं राहायचं थांबवलं.

आगीपाशी बाया आणि गडी एकत्र असल्याची माझ्या आठवणीतली एकच रात्र आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा २ अंशांच्याही खाली गेला, तेव्हाची. द्राक्षाच्या बागेत घड भरत आले होते. एवढ्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते आणि मग ऊन पडलं की मणी तडकतात. पहाटेच्या आधी अख्खी वस्ती बागेत होती. ओळींच्या टोकांना आणि मधल्या मोकळ्या जागांमध्ये लहान लहान शेकोट्या पेटवल्या. लहानच पेटवायच्या असतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गार हवा जमिनीलगत बसते आणि तिच्या वर थोडी ऊबदार हवा असते. मोठा जाळ केला तर त्याची ऊब सरळ वर निघून जाते, लहान जाळ खालची हवा हलकेच ढवळत राहतात. सगळे धुराला जपत होते, खरं काम मात्र उबेचं असतं. आई, काकू, तात्या, भाऊ, सगळे तोंडाला फडकं बांधून एका जाळापासून दुसऱ्याकडे पळत होते. कुणी बसलं नाही. शेकोट्या वेलींसाठी होत्या. उजाडल्यावर आई तशाच काळवंडलेल्या हातांनी बांधावर टेकली आणि कुणीतरी तिच्या हातात चहा दिला. चहा तात्यांनी केला होता, हे मला पक्कं आठवतं.

आणखी एक गोष्ट मला टाळून पुढे जाता येत नाही. द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून माणसं येतात, छाटणीपासून खुड्यापर्यंत मळ्यामळ्यांत राहतात. आमच्या परसाच्या पलीकडे, पत्र्याच्या खोल्यांपुढे, त्यांच्या बाया तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करतात. आम्ही जाळासाठी दगड पारखून लावत होतो त्या दिवसांत संध्याकाळी तिकडून येणारा धूर आमच्या अर्धवट धुराड्याभोवती फिरायचा. खोल्यांमागे गॅसची जोडणी देण्याचं आईने काढलं आहे. भाऊ हो म्हणाला आहे, सिलिंडरचं गणित बसवायचं आहे. ते या छाटणीच्या आधी बसलं पाहिजे असं मी त्याला रोज सांगते, आणि इथे लिहून ठेवते आहे.

बांधकाम पुरं झाल्यावर लगेच मोठा जाळ करायचा नसतो. सांध्यातलं पाणी सावकाश निघावं लागतं. आधी नुसती वाळायला सोडली, मग मूठभर काड्यांचा जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. पहिल्यांदा पेटवलं तेव्हा फायर क्लेमधून ओल्या मातीचा वास आला, पहिल्या पावसाचा येतो तोच, आणि धुराड्याच्या तोंडातून धुरापेक्षा वाफच जास्त बाहेर पडली. आम्ही जळणाला द्राक्षाची खोडं वापरतो. जुनी बाग काढली तेव्हाची ती रचून ठेवली आहेत. पिळदार, गाठीगाठींची, हातात घेतली की वाटतात त्याहून जड. सावकाश जळतात आणि निखारा बराच वेळ धरतात.

खरी शेकोटी पेटली त्या संध्याकाळी आईने काकूंना फोन करून बोलावून घेतलं. काकूंबरोबर त्यांच्या दोन जावा आल्या. मग पलीकडच्या वस्तीवरच्या दोघी. प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन त्या जाळापुढे बसल्या. कुणाला काही थापायचं नव्हतं, उतू जाणारं काही बघायचं नव्हतं. धूर सरळ वर गेला. काकू मध्येच खुर्चीवरून वाकून धुराड्याकडे बघायच्या आणि पुन्हा टेकून बसायच्या. त्या बोलत काय होत्या ते मला फार ऐकू आलं नाही, मी जरा मागे उभी होते, पण त्या खूप वेळ बोलत होत्या. बाकीचे गडी अंगणात होते. तात्यांनी तिथे आपलं पाचट ओढून नेहमीसारखा जाळ केला होता आणि भाऊ इकडून तिकडे खेपा घालत होता. आईने तात्यांना हाक मारली, "तात्या, या की इकडं. धूर नाही." ते आले, थोडा वेळ उभे राहिले, जाळाकडे पाठ केली, पाठ शेकली आणि म्हणाले, "चांगलं झालंय. पन खुर्च्या सगळ्या एका वळीत हायेत. बोलायचं तर मान वाकडी करावी लागती."

हे खरंच होतं. ओळीच्या टोकाला बसलेल्या काकूंना दुसऱ्या टोकाचं ऐकू जात नव्हतं.

म्हणून आता पुढचं काम ठरलं आहे. शेकोटीच्या दोन्ही भिंतींपासून सुरू होऊन समोर वळत जाणारा दगडी कट्टा, जाळापासून पाच-सहा फुटांवर. यायला-जायला समोर एक वाट, बाकी सगळी बसायची जागा. मिस्त्रींनी चुन्याने आखून दिलं आहे आणि उरलेला घडीव दगड त्याला पुरतो का ते मोजून ठेवलं आहे. काम द्राक्षाची खरड छाटणी उरकल्यावर, एप्रिलअखेर, कारण त्या आधी कुणाला सवड नाही. उंचीवरून वाद चालू आहे. भावाला १८ इंच हवी, तात्या म्हणतात एवढ्या उंचावर पाय मोकळे लोंबतात, आणि आईचं म्हणणं सगळ्यांत वेगळं आहे. गार दगडावर तिला बसवत नाही, कंबर धरते. तिला वर लाकूड हवं आणि पाठीला टेकायला काहीतरी हवं. वखारीत बाभळीच्या फळ्या सांगून ठेवल्या आहेत, दीड इंच जाडीच्या, आणि टेकायच्या फळीचा कोन किती ठेवायचा हे आई स्वतः बसून ठरवणार आहे.